कोरड्या हवेतला जलरंग: पुस्तकासाठी पहिल्यांदा चित्रं काढणाऱ्यांसाठी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून ज्यांचा हात बसला आहे, त्यांनाही पहिलं पुस्तक आलं की धडकी भरते. परीक्षेचं चित्र एकटं असतं. पुस्तकातली बारा-तेरा चित्रं एकाच हाताची, जणू एकाच दिवशी काढलेली दिसावी लागतात, त्यांच्यावर मजकूर बसावा लागतो आणि शेवटी ती छापखान्यातून बाहेर पडून ओळखू यावी लागतात.

त्यात आपली हवा. जलरंग शिकवणारी बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड, दमट गावांत तयार झालेले आहेत. ‘पहिला रंग ओला आहे तोवर दुसरा सोडा’ हे त्यातलं वाक्य लातूर-बीडकडे एप्रिलच्या दुपारी पाळायला गेलं, तर ब्रश पॅलेटला लावून परत येईतो कागदाची चमक उडालेली असते. म्हणून या लेखातला क्रम एकाच हेतूने लावला आहे: जे ठरवता येईल ते ब्रश ओला होण्याआधी ठरवायचं. उदाहरणासाठी मुलांचं २४ पानांचं, मध्ये पिन मारलेलं पुस्तक धरलं आहे. पान ७ इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच.

१. सामान: पैसा कागदावर घाला

नवखे रंगांच्या मोठ्या पेटीवर पैसे घालतात आणि कागद शाळेच्या चित्रकला वहीचा घेतात. हे नेमकं उलटं करायला हवं. मध्यम रंग चांगल्या कागदावर निभावून जातात. चांगले रंग वाईट कागदावर मरतात.

कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत आणि १०० टक्के कॉटन असावा. पाकिटावर नुसतं ‘वॉटरकलर पेपर’ लिहिलेलं असेल आणि कॉटनचा उल्लेख नसेल, तर तो लाकडाच्या लगद्याचा समजा. आपल्या हवेत फरक चांगलाच जाणवतो. कॉटन पाणी पोटात धरून ठेवतो, त्यामुळे वरची चमक गेली तरी आतली ओल काही काळ हाताशी असते. लगद्याच्या कागदावर पाणी वरच राहतं आणि वरच्या वर उडून जातं. दुसरा थर दिला की खालचा रंग उठून त्यात मिसळतो. सरावाला तो चालेल, फायनलला नको.

किती कागद लागेल, तेही आधीच मोजा. पूर्ण इम्पीरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे चार तुकडे केले की ११ बाय १५ मिळतात. २४ पानी पुस्तकात पान १ आणि पान २४ सुटी असतात. पान २ ते २३ म्हणजे ११ जोडपानं. सुट्या दोन पानांना मिळून एक तुकडा, मुखपृष्ठ-मलपृष्ठाला एक, असे १३ तुकडे झाले. पाच पूर्ण कागद घ्या, २० तुकडे होतात. उरलेले सात चाचणीला आणि बिघडणाऱ्या चित्रांना पुरतात, आणि चित्रं बिघडतातच. सगळा कागद एकाच वेळी, एकाच कंपनीचा आणि एकाच गठ्ठ्यातला घ्या. अर्ध्या कामात कागद बदलला की तोच निळा वेगळा दिसायला लागतो.

कागदावर खळ असते, म्हणूनच रंग लगेच आत झिरपत नाही. ट्रंकेत, पत्र्याच्या खोलीत किंवा सर्द भिंतीला टेकून वर्षभर पडलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते आणि तिथे टीपकागदासारखे गडद ठिपके उठतात. काम सुरू करण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या कडेला पाण्याचा एक फराटा मारून बघा. झुरळ आणि कसर या दोघांनाही ही खळ आवडते, म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट आणि जमिनीपासून वर ठेवा.

रंग सहा पुरतात. ट्यूबवरच्या गोंडस नावापेक्षा बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा:

- अल्ट्रामरीन ब्लू, पीबी २९. सुकताना दाणेदार होतो.
- थॅलो ब्लू, पीबी १५:३. जोरकस आहे आणि कागदाला कायमचा धरतो.
- हंसा यलो मीडियम, पीवाय ९७.
- यलो ऑकर, पीवाय ४३.
- परमनंट रोझ किंवा क्विनॅक्रिडोन रोझ, पीव्ही १९.
- बर्न्ट सिएना, पीबीआर ७. काही कंपन्या पीआर १०१ वापरतात, तोही चालतो.

सोबत पांढऱ्या ग्वाशची, म्हणजे अपारदर्शक जलरंगाची, एक छोटी ट्यूब ठेवा. अ‍ॅलिझरिन क्रिमझन पीआर ८३ टाळा, उजेडात तो उडतो. एका ट्यूबमध्ये तीन-तीन क्रमांक असतील तर तो आधीच मिश्रण आहे. त्यात आणखी दोन रंग घातले की चिखल होतो. सहाच रंग कसे पुरतील असं वाटत असेल तर अजिंठा डोळ्यासमोर आणा. तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि बाहेरून आणलेला लाजवर्दी निळा, एवढ्यावर त्या भिंती उभ्या आहेत. अर्थात ते काम सुक्या गिलाव्यावर जाड रंगाने केलेलं आहे, जलरंगाचे पारदर्शक वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचे पसरट थर, नाहीत. पण मोजक्या रंगांनी सगळं चित्र एका सुरात कसं राहतं, हे तिथे नीट कळतं.

ब्रशबद्दल थोडक्यात. गोल ४, ८ आणि १२ नंबर आणि एक इंची चपटा, सगळे सिंथेटिक, एवढं बस. दुकानदाराने ‘मुंगसाच्या केसांचा’ ब्रश दाखवला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

उरलेलं सामान: १२ मिलिमीटर प्लायवूडचा पाट, डिंक लावलेली तपकिरी कागदी पट्टी, एचबी पेन्सिल, कणकेसारखा मऊ खोडरबर, पांढऱ्या चिनी मातीच्या दोन ताटल्या (प्लॅस्टिकच्या पॅलेटवर रंगाचे थेंब गोळा होतात), जुनं सुती धोतर किंवा पंचा, स्प्रेची बाटली आणि पाण्याची दोन भांडी.

२. पाणी

बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार फिक्या वॉशवर सुकल्यावर पांढरट झाक ठेवतात आणि अल्ट्रामरीनसारखे रंग जास्तच दाणे धरतात. एका पानावर बोअरचं पाणी आणि दुसऱ्यावर जारचं असं झालं, तर दोन आभाळं शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो. जारचं आरओ पाणी चालतं. त्याहून चांगलं म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो आणि तो पुस्तकभर पुरतो. फक्त आम्लाचं पाणी नाही ना, हे लेबल वाचून घ्या. दोन्ही कॅन शेजारी-शेजारीच असतात.

भांडी दोन: एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाणी उचलायला. धुवायचं पाणी चहासारखं दिसू लागलं की बदला.

३. संहिता आणि मोजमाप

होकार देण्याआधी प्रकाशकाला हे विचारा आणि उत्तरं लेखी घ्या: पानाचा कापलेला आकार, पानसंख्या, बांधणी कशी, मजकूर कुठल्या अक्षरात आणि किती ओळींचा, रंगीत पानं किती, रफ (कच्ची रेखाटनं) कधी आणि फायनल कधी, पुस्तक इतर भाषांत जाणार का.

शेवटचा प्रश्न नवख्यांना सुचत नाही. चित्रातल्या एसटीच्या पाटीवर, दुकानाच्या फलकावर किंवा शाळेच्या फळ्यावर तुम्ही मराठी अक्षरं रंगवलीत आणि वर्षाने पुस्तक हिंदी-कन्नडमध्ये गेलं, तर ती अक्षरं खोडता येत नाहीत. पाट्या कोऱ्या ठेवा, अक्षरं वेगळ्या कागदावर काढून द्या.

आता माप. जोडपान १४ बाय साडेनऊ इंचांचं होतं. छापखाना कागद कापतो तेव्हा सुरी थोडी इकडेतिकडे जाते, म्हणून रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यावा लागतो. त्यालाच ब्लीड म्हणतात. ११ बाय १५ च्या तुकड्यावर मधोमध चौकट आखली तर डाव्या-उजव्या बाजूला अर्धा इंच उरतो. ब्लीड वजा जाता साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास जागा पट्टीला राहते. पुरते, पण जेमतेम. चौकट तिरकी आखली तर पट्टी ब्लीडवर चढते.

जोडपानाच्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरपर्यंत चेहरा, हात किंवा डोळा नको. पिन मारलेल्या पुस्तकात थोडी सूट असते, पण चिकटवलेल्या बांधणीत तेवढा भाग खरंच गिळला जातो.

४. संदर्भ गोळा करणं

इथे घाई करू नका. मोबाइलवर ‘भारतीय खेडं’ शोधून काढलेलं चित्र कुठल्याच गावाचं नसतं. गोष्ट परभणीकडच्या गावात घडत असेल तर घराला उतरतं कौलारू छप्पर कशाला? तिथे माळवद (सपाट धाबं) असतं, वर पांढरी माती, पुढे ढाळज (दारालगतची बसायची ओसरी), आत बळद (धान्याची कोठी). आभाळाच्या रेषेत त्रिकोण नसतात, आडव्या सपाट कडा असतात आणि त्यांच्यामागून एखादा लिंब (कडुलिंब) डोकावतो. एवढ्या एका फरकाने पानाची सगळी रचना बदलते.

अवजारांची रेखाटनं जागेवर जाऊन करा. तिफणीला तीन फण असतात, चाड्यात टाकलेलं बी नळ्यांतून खाली उतरतं. फण चार काढलेत, तर शेतकऱ्याचं पोर पहिलं बोट तिथेच ठेवील. बैलाच्या मानेवर जू कुठे टेकतं, कडब्याच्या पेंढीला आळा कुठे असतो, भाकरी थापताना परात कशी टेकवलेली असते, यांची प्रत्येकी तीन कोनांतून रेखाटनं हवीत.

बाहेर जाताना फक्त वही, पेन्सिल आणि रंगांच्या नोंदी. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. रंगीत लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि आत उजेड कमी असतो, म्हणून आकृत्यांच्या बाह्यरेषा आणि हातांच्या मुद्रा एवढंच टिपायचं ठरवून जा. पक्षी हवे असतील तर हिवाळ्यात पैठणचा नाथसागर.

उजेडाची नोंद वेगळी ठेवा. मे महिन्यातलं आपलं आभाळ निळं नसतं. क्षितिजाकडे ते जवळपास पांढरं, किंचित पिवळसर असतं आणि वर गेल्यावर कुठे पातळ निळं होतं. सावल्या मात्र कडक कडांच्या आणि जांभळट. आभाळात गडद निळा भरून खाली तापलेलं शेत रंगवलं की चित्र खोटं वाटतं. का ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही, पण वाटतं.

५. थंबनेल, डमी, रफ

प्रत्येक जोडपानाची तीन बाय दोन इंचांची निदान चार लहान रेखाटनं करा. चेहरे नकोत, बारकावे नकोत. फक्त मोठे आकार आणि मजकुराची जागा. मग ११ जोडपानांची निवडलेली रेखाटनं एका कागदावर ओळीने लावून बघा. सगळी पात्रं सगळीकडे सारख्याच अंतरावर उभी दिसली, तर काही पानं जवळून घ्या, एखादं माळवदावरून खाली बघितल्यासारखं करा.

मग साध्या कागदांची घडी घालून डमी करा आणि पानं उलटून बघा. पान उलटण्याच्या क्षणी काय लपवायचं आणि काय दाखवायचं, ते पडद्यावर बघून कळत नाही. पात्र उजवीकडे जात असेल तर ते पान उलटण्याच्या दिशेने जातं. घराकडे परतताना त्याला डावीकडे वळवलं की न सांगता कळतं.

रफ खऱ्या मापाचा करा आणि मजकूर चिकटवून पाठवा. मंजुरी या टप्प्यावर मिळवायची. फायनल रंगवल्यावर ‘मुलगी जरा डावीकडे घ्या’ असा निरोप आला तर जलरंगात त्याचा अर्थ एकच: पुन्हा पहिल्यापासून.

६. आधी काळा-पांढरा, मग रंग

मंजूर रफची पोस्टकार्डाएवढी प्रत काढा आणि एकाच रंगाने, म्हणजे बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून केलेल्या करड्याने, तीनच पायऱ्यांत रंगवा: कागदाचा पांढरा, मधला, गडद. जलरंगात पांढरा रंग नंतर लावायचा नसतो, तो सोडायचा असतो. कुठे सोडायचा ते इथे कळतं. मजकूर जिथे येणार तिथली पायरी फिकी हवी, नाहीतर काळी अक्षरं बुडतात.

मग रंगांच्या चिठ्ठ्या तयार करा. प्रत्येक पात्राच्या प्रत्येक कपड्याची एक चिठ्ठी, त्यावर रंगाचा ठिपका आणि कृती. ‘परकर: रोझ दोन भाग, सिएना एक भाग, आमटीएवढा पातळ.’ या चिठ्ठीवाचून नवव्या जोडपानावर पहिल्या पानाचा परकर परत येत नाही.

पातळपणा मोजायला स्वयंपाकघरातली मापं चांगली. ताक म्हणजे आभाळ आणि पहिले वॉश. आमटी म्हणजे मधले थर. पिठलं म्हणजे शेवटचे गडद फटकारे. नवख्यांचं चित्र फिकट आणि धुतल्यासारखं दिसतं, कारण ते शेवटपर्यंत ताकच वापरतात. शिवाय जलरंग सुकल्यावर साधारण एक पायरी फिका होतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्त गडद वाटला पाहिजे.

तीन मिश्रणं पाठ करून ठेवा. त्वचेसाठी सिएना, रोझ आणि ऑकर, सावलीत किंचित अल्ट्रामरीन. ‘फ्लेश टिंट’ नावाच्या ट्यूबमधल्या रंगाची माणसं आपल्याकडे राहत नाहीत. काळ्या मातीसाठी अल्ट्रामरीन आणि सिएना पिठल्याएवढे घट्ट, काळी ट्यूब नको. दोन्ही रंग सुकताना जरा वेगळे होतात आणि मातीचा पोत आपोआप येतो. लिंबाच्या पानांसाठी हंसा यलो आणि अल्ट्रामरीन. थॅलो घेतला तर हिरवा प्लॅस्टिकचा होतो.

७. कागद ताणणं आणि रेखाटन उतरवणं

३०० जीएसएमचा कागदही मोठ्या वॉशने फुगतो आणि खळग्यांत पाणी साचतं. म्हणून तो ताणायचा.

कागद पाच ते आठ मिनिटं स्वच्छ पाण्यात बुडवा, उभा धरून निथळू द्या, पाटावर पसरा, कडा पंचाने टिपा. डिंकाची पट्टी ओली करून एक सेंटिमीटरहून कमी कागदावर आणि बाकी पाटावर बसवा. आता आपल्याकडची चूक: लवकर वाळावा म्हणून पंख्याखाली किंवा उन्हात ठेवणं. कडा आधी सुकून आकसतात, मधला भाग ओला राहतो आणि पट्टी उचकटते किंवा कागद फाटतो. सावलीत, सपाट, पंखा बंद. रात्री ताणून ठेवला की सकाळी ढोलकीसारखा वाजतो.

रेखाटन उतरवायला लाइट बॉक्स नसेल तर सकाळच्या उन्हाची खिडकीची काच चालते, पण हे ताणण्याआधी करायचं. एचबी पेन्सिल हलक्या हाताने चालवा. टूएच कागदावर चर पाडते आणि त्या चरीत रंग साचून रेघ उमटते. खोडायचं तर रबर दाबून उचला, घासू नका. घासलेल्या जागेची खळ निघते आणि तिथे वॉश डागाळतो.

८. ओल ओळखणं

सगळं कौशल्य इथे आहे. ओल्या कागदाच्या चार अवस्था ओळखायला शिका. तिरक्या उजेडात बघा:

- आरसा: पाणी वर तरंगतंय. रंग सोडला की वाटेल तसा पळतो. आभाळ, धूळ, धुकं.
- रेशीम: चमक आहे, पण पाणी हलत नाही. मऊ कडांसाठी हीच वेळ. लांबची झाडी, ढगाची खालची बाजू, गालावरची लाली.
- गार: चमक गेली, पण तळहाताची मागची बाजू लावली तर थंड लागतं. या वेळी ब्रश लावायचा नाही.
- कोरडा: थंडही लागत नाही. पुढचा थर आता.

नव्वद टक्के चित्रं ‘गार’ अवस्थेत बिघडतात म्हटलं तरी चालेल. अर्धवट सुकलेल्या रंगात जास्त ओला ब्रश लागला की नवं पाणी जुन्या रंगाचे कण ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. नियम सोपा आहे: ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा कमी हवं. पंच्यावर ब्रश टेकवून मगच कागदाकडे जा.

प्रत्येक अवस्था किती वेळ टिकते, ते तुमच्या खोलीत मोजा. १० सेंटिमीटरचा चौकोन ओला करा, घड्याळ लावा, चारही वेळा लिहा. सकाळी सातला एकदा आणि दुपारी तीनला एकदा, आणि आकडे भिंतीवर चिकटवा. मग कळेल की उन्हाळ्यात मोठे वॉश सकाळी नऊच्या आत उरकायचे आणि दुपार रेघांना, बारकाव्यांना आणि सुक्या ब्रशच्या कामाला ठेवायची. दगडी भिंती, वाळलेलं गवत, कडबा यांना सुका ब्रश हवाच असतो, तेव्हा दुपार वाया जात नाही.

ओल वाढवायचे उपाय, ज्या क्रमाने करून बघायचे त्या क्रमाने: वॉशच्या आधी स्प्रेने हवेत फवारा मारा आणि कागद दोनदा ओला करा, पहिलं पाणी कागद पितो, दुसरं वर राहतं. रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवा, वॉश अर्ध्यावर असताना पुन्हा तोच रंग बनवायला वेळ नसतो. पाट एका जाड पुस्तकावर टेकवून किंचित तिरका ठेवा, म्हणजे रंगाची ओळ खाली जमते आणि ती पुढे नेत जाता येते. ज्या चित्रात खूप वेळ ओल हवी आहे, ते ताणू नका. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवा, खालचं पाणी वरच्या बाजूला ओल पुरवत राहतं. मेडिकलमधलं ग्लिसरीन वाटीभर पाण्यात दोन-चार थेंब, हा शेवटचा उपाय. जास्त झालं तर चित्र चिकट राहतं आणि धूळ धरतं.

कूलर लावायला हरकत नाही, त्याची दमट हवा उलट मदतच करते. फक्त पाट त्याच्या झोतासमोर नको. बारीक तुषार कागदावर पडले की एकेका थेंबाची एकेक फुलकोबी. हेअर ड्रायर ‘गार’ अवस्था आल्यावरच आणि हातभर अंतरावरून.

पांढरे बारीक भाग राखायला मास्किंग फ्लुइड वापरत असाल तर दोन गोष्टी. ते रबराच्या चिकाचं असतं. ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, नाहीतर ब्रश गेला. आणि ते लावलेला कागद उन्हात किंवा तापलेल्या खोलीत दिवसभर ठेवू नका, उष्णतेने ते कागदाला धरतं आणि काढताना कागदाची साल निघते. सकाळी लावा, दुपारी काढा.

९. अकरा चित्रं एकदम

एक चित्र पूर्ण, मग दुसरं, असं करू नका. पहिलं आणि अकरावं चित्र दोन वेगळ्या माणसांची वाटतात. तीन-चार पाट घ्या आणि रंगाप्रमाणे काम लावा: एका सकाळी या सगळ्यांची आभाळं आणि जमिनी, दुसऱ्या दिवशी सगळ्यांची त्वचा, मग परकर, मग झाडं. एकाच ताटलीतला रंग सगळीकडे जातो. एक वॉश सुकेपर्यंत दुसरा पाट समोर असतो, म्हणून ‘गार’ कागदाला हात लावायचा मोहही होत नाही.

पात्रांचे डोळे सर्वांत शेवटी, एका बैठकीत. पांढऱ्या ग्वाशचे ठिपके त्यानंतर आणि हात आखडून. ग्वाश जास्त झाला की जलरंगातला उजेड मरतो.

१०. बिघडलं तर

ओला डाग असेल तर पिळलेल्या ब्रशने उचला. सुकला असेल तर स्वच्छ पाणी लावा, दहा सेकंद थांबा, पंच्याने दाबून टिपा. अल्ट्रामरीन बराच उठतो, थॅलो उठत नाही. म्हणूनच जिथे खात्री नाही तिथे थॅलो लावायचा नाही. तीन वेळा उचलून झालं नाही तर थांबा, नाहीतर कागदाचे तंतू उभे राहतात. पुस्तकाच्या कामात एक सोय आहे: एकटं पात्र बिघडलं तर ते वेगळ्या तुकड्यावर रंगवून स्कॅननंतर जोडता येतं. यात कमीपणा काही नाही.

११. स्कॅन

मोबाइलचा फोटो छपाईला चालत नाही. एकास एक मापाला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं. ब्लीडसह आपलं जोडपान साधारण ४२७० बाय २९२० पिक्सेल होतं. चित्र मोठं करून छापायची शक्यता असेल तर ६०० वर स्कॅन करा.

ए-फोर स्कॅनरची काच साडेआठ बाय पावणेबारा इंचांच्या आसपास असते, म्हणजे आपला तुकडा दोन स्कॅनमध्ये बसतो आणि मध्ये दोन इंच सामाईक भाग जोडायला मिळतो. दुसऱ्या वेळी कागद उलटा फिरवू नका, नुसता सरकवा. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो. कागद फिरवला की त्याच्या खरखरीतपणाच्या सावल्या उलट्या पडतात आणि सांधा दिसतो. झाकण काढून ठेवता आलं तर उत्तम, वरून जाड पुस्तकाने दाबा. सीआयएस प्रकारचे पातळ, स्वस्त स्कॅनर काचेपासून जरा वर उचललेला कागद धूसर करतात. सीसीडी या दुसऱ्या प्रकारचे स्कॅनर तसं करत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेणार असाल तर हे आधी विचारा, आणि ऑटो करेक्शन व शार्पनिंग बंद करायला सांगा.

फाइल टिफ (TIFF) फॉरमॅटमध्ये ठेवा. छपाईच्या चार शाईंत अल्ट्रामरीन आणि जांभळे मंद होतात, चमकदार गुलाबी तर येतच नाहीत. हे रंगवतानाच लक्षात घ्या. सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या रंगांत, बदल स्वतःहून करू नका. छापखाना रंगांचं कुठलं प्रोफाइल वापरतो ते डिझायनरला विचारा आणि एका जोडपानाचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मागा.

मूळ चित्रं शक्यतो पाठवू नका. पाठवावीच लागली तर मध्ये बटर पेपर, दोन्ही बाजूंना सनबोर्ड, वर प्लॅस्टिक. सपाट, गुंडाळी नाही.

१२. करार आणि पैसे

रंगवायला लागण्याआधीचं हे काम शेवटी लिहिलं आहे, कारण ते सगळे शेवटीच करतात. तुम्ही करू नका.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ मध्ये एक खाच आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. म्हणजे कागदावर काहीच नसेल तर हक्क बहुधा तुमच्याकडे राहत नाहीत. म्हणून एका पानाचा का होईना, करार करा आणि त्यात लिहा: कॉपीराइट चित्रकाराकडे राहील; प्रकाशकाला या पुस्तकापुरता, अमुक भाषांत, अमुक वर्षांसाठी वापर; मूळ चित्रं चित्रकाराची; पुस्तकात नाव कुठे छापणार. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. हक्क दिले तरी आपलं नाव सांगण्याचा आणि चित्राची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ खाली उरतो.

दुरुस्त्या रफवर दोनदा, फायनलवर फक्त किरकोळ, हेही लिहा. पैसे तीन हप्त्यांत: होकारावर, रफच्या मंजुरीवर, फाइल दिल्यावर. काम मध्येच थांबलं तर तोवरच्या टप्प्याचे पैसे परत नाहीत.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- पॅन कार्ड. नसेल तर टीडीएस जास्त दराने कापला जातो.
- बँकेचा रद्द केलेला चेक.
- सही केलेला करार आणि मंजुरीचे ईमेल.
- क्रमांक आणि तारीख असलेलं बिल.
- उद्यम नोंदणीचं (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ही नोंदणी असली की खरेदीदाराला कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि ही ओळ बिलाच्या तळाशी छापता येते.

व्यावसायिक मानधनावर टीडीएस सहसा १० टक्के कापतात. ते पैसे बुडाले असं समजून बरेच जण सोडून देतात. विवरणपत्र भरलं आणि कर तेवढा बसत नसेल तर ते परत मिळतात. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर एरवी जीएसटी नोंदणी लागत नाही, तसं एक ओळीचं पत्र बिलासोबत जोडा. आणि छापून आलेल्या पुस्तकाच्या किती प्रती तुम्हाला मिळणार, तो आकडा करारातच घालून घ्या.